जागेचा आवाज

माझं काम होतं काठी धरायचं.
काठीच्या टोकाला केसाळ माइक, मुंगसासारखा.
पहिल्याच दिवशी दसारामच्या कुत्र्याने
त्याच्यावर भुंकून एक अख्खा शॉट खाल्ला.

चौदा मिनिटांची फिल्म. कोसमटोल्याचे ढिवर,
त्यांचं पाणी, त्यांचं जाळं.
अकरा दिवस शाळेच्या खोलीत राहिले ते लोक.
आम्ही ज्याला तरा म्हणतो
ते खालच्या अक्षरांत आलं तलाव.
मी बोललो होतो. बाई म्हणाल्या,
सगळ्यांना कळायला हवं ना.
कळलं असेल.

ग्यानीराम मारबत्यांना ऐन पुसात, भर दुपारी,
पाच वेळा जाळं फेकायला लावलं,
पाण्यावर ऊन छान पडलं होतं म्हणून.
त्या वेळी मासोळी कुठे दडलेली असते
हे गावातल्या बकरीलाही ठाऊक.
पाचव्यांदा जाळं परातीसारखं गोल उघडलं,
रिकामं वर आलं,
आणि बाई म्हणाल्या, सुंदर.
म्हातारा धोतर पिळत मला म्हणाला,
"पान्याचाच फोटू काढाचा होता त
मले कायले भिजवलन?"

सुगरताबाईला माशांची नावं विचारली.
बोटांवर मोजत निघाली ती:
दाडक, बोटरी, शिंगूर,
मग मरळ, मग मरळीवरून जावई,
जावयावरून सोसायटीची लीज
आणि कोणाच्या नावावर कोणी अंगठा दिला तिथपर्यंत.
फिल्ममध्ये ती शिंगूरवर थांबते
आणि बासरी सुरू होते.
आमच्याकडे बासरी कोणी वाजवत नाही.

शेवटच्या दिवशी फरहाद, आवाजवाला, म्हणाला,
आता कोणीच बोलू नका. एक मिनिट.
जागेचा आवाज घ्यायचाय.
जागेला कसला आवाज?
तर म्हणे असतो, प्रत्येक ओसरीचा वेगळा.
बोलणं कापलं की मध्ये भोकं पडतात,
त्यांत तो भरायचा,
नाहीतर ऐकणारा ठेचकाळतो.

उभे राहिलो सगळे सुगरताबाईच्या ओसरीत,
एकवीस माणसं आणि तिची नात.
इतके गप्प आम्ही मयतीतही नसतो.
फरहादने कानावरची डबडी काढून माझ्या कानावर ठेवली.
मडक्यात उकळते सिंगाडे
एकमेकांवर शिंगं आपटत होते.
ग्यानीरामच्या छातीत बारीक शिट्टी.
कवेलूवरून काहीतरी चालत गेलं, थांबलं, परत गेलं.
दूर पाळीवर कोणी कपडे धूत होतं,
हात आधी खाली येई,
आवाज मागून.
नातीने दाबलेलं हसू नाकातून फुटलं
तेव्हा बावन्न सेकंद झाले होते.
फरहाद म्हणाला, चालेल.

मार्चमध्ये समाजमंदिरात चादर बांधून दाखवली.
बायका आपापल्या साड्या ओळखत होत्या.
कुत्रा आला तेव्हा टाळ्या पडल्या.
मी, सुगरताबाईला जिथे कापलं होतं
तिथे कान लावून बसलो.
बासरीच्या खाली, फार खाली,
सिंगाडे आपटत होते.
शेजारच्या इंदलला सांगितलं.
तो म्हणाला, भूक लागली असेल तुला.

संपल्यावर ग्यानीराम म्हणाला, मांगं घे.
आणखी मांगं. थांबव.
लोक हसले, म्हाताऱ्याला स्वतःला बघायचंय.
तो उठला, कंदील ओलांडावा तसा प्रोजेक्टर ओलांडून
चादरीपाशी गेला.
त्याच्या हाताची सावली पूर्ण तऱ्यावर पडली.
बोट टेकवलं जाळ्याच्या डाव्या काठाला.
"इतं. इतं फाटला हाये जारा.
म्या म्हनो, मासोरी निंगते कुठून."

बाई वहीत काहीतरी लिहू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर तो भोक विणत बसला होता,
निळा दोरा, तोंडात सुई.
मी विचारलं, कशी वाटली फिल्म?
सुई काढली त्याने.
"चूप ऱ्हाय एक मिनिट. गाठी मोजतो."

मी उभा राहिलो.
हातात काठी नव्हती.